खळगा

कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही.
सगळं जग मध्यम करड्या रंगाचं असावं
अशी त्याची समजूत,
म्हणून बर्फ दाखवला की तो झाकोळतो
आणि टॉमिनटाउलमागचा अख्खा डोंगर
चुलीतल्या राखेसारखा येतो.
दीड स्टॉप उजेड वाढव, इशबेल ग्रेवारनं सांगितलं होतं.
त्याचं ऐकू नकोस. तो इथं राहत नाही.

इशबेलचा नवरा इस्टेटीवर हरणं मोजायचा.
त्याला जाऊन तीन हिवाळे झाले.
त्याची तिपाई तिनं मला दिली, एक पाय किंचित आखूड,
वर अट: सोमवारी परत आणायची.
असे अकरा सोमवार झाले.

एरवी मी एल्गिनच्या इस्पितळात एक्स-रे काढते.
श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा.
दिवसातून चाळीसदा तरी,
घसरलेल्या म्हाताऱ्यांना, खोकणाऱ्या पोरांना,
आणि एकदा एका मेंढपाळाला,
ज्यानं श्वास सोडलाच नाही, लाल होत गेला,
कारण 'सोडा' म्हणायचं मीच विसरले होते.

शनिवारी रस्त्यावरचं बर्फाचं फाटक बंद.
पायीच निघाले.
जास्तीची बॅटरी काखेत, थर्मामीटरसारखी.
डोक्याला मिरजेहून आलेली कानटोपी.
उजव्या हातमोज्याचं एक बोट कापलेलं,
तासाभरानं ते बोट माझं राहिलं नाही.

हेदरच्या झुडपांत कुठंतरी ग्राउस घसा खाकरून
परत जा, परत जा म्हणत होता.
निदान मला तसं ऐकू आलं.

मग ज्याला मी दगड समजत होते
त्याला कान होते.

आमच्या भाषेत सशाच्या वाट्याला
एवढा एकच लांबलचक शब्द आला, ससेहोलपट.
इथं तो बसला होता, अंग मुडपून,
मिशांवर दहिवर, डोळे अर्धे मिटलेले,
आणि धाप मला लागली होती.
पांढराशुभ्र म्हणावं तर पाठीवर अजून मातकट डाग.
पांढरीफटक मीच.

श्वास घे. रोख. हलू नकोस.

बोट दाबलं
आणि कॅमेरा मेला.

तीन चेनी, दोन स्वेटर, एक काख.
तेवढ्यात ससा उठला.
पळाला म्हणता येणार नाही.
पुढचे पाय ताणून त्यानं आळस दिला
आणि टेकाडामागं गेला,
पाहुण्याला बसवून कुणी
चहा टाकायला आत जावं तसा.

उरला खळगा.
दोन ओंजळींएवढा.
तळाचा बर्फ अंगाच्या उबेनं वितळून
पुन्हा गोठलेला, काचेसारखा.
कडेला तीन लेंड्या, एक केस.
हातमोजा काढून मी आत हात ठेवला.
ऊब होती, पण ती त्याची की माझीच
हे सांगता यायचं नाही.
बराच वेळ तसाच ठेवला.
मग खळग्याचाच फोटो काढला,
दीड स्टॉप उजेड वाढवून.

सोमवारी तिपाई परत करायला गेले.
इशबेलनं फोटो खिडकीशी नेला, चष्मा बदलला.
उलटा धरला होता तिनं.
मी काही बोलले नाही.
रात्रभर इथंच होता, ती म्हणाली,
पाठ वाऱ्याकडे करून.
मग बराच वेळ काहीच नाही,
फक्त किटलीचा आवाज, आणि बाहेर
छपरावरून घसरणारं बर्फाचं ओझं.

तिपाई दाराशी कलली होती.
पुठ्ठ्याची घडी करून तिनं
आखूड पायाखाली सारली, हलवून पाहिली.
फाटक उद्या उघडेल म्हणतात, ती म्हणाली.
घेऊन जा ही.
सोमवारी आण.